नवरात्रापासून आषाढापर्यंत : दिव्यांच्या तेलासाठी हवेच्या दाबाची टाकी

देवळात रोज लागणारे दिव्याचे तेल मोठ्या साठ्यातून लहान भांड्यांत काढून घेण्यासाठी गेल्या नवरात्राच्या तोंडावर आम्ही हवेच्या दाबावर चालणारी २० लिटरची स्टीलची टाकी घेतली. आता आषाढ लागला आहे. नवरात्रातील अखंड दिवा, कार्तिकातील काकडआरती, त्रिपुरारी पौर्णिमेची दीपमाळ, पौषातील थंडी, वैशाखातील उन्हाळा आणि पावसाची सुरुवात अशा सगळ्या काळात ती वापरून झाली आहे, त्यामुळे तिच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. टाकीवरचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण याच बनावटीच्या टाक्या वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात आणि त्यांच्या चांगल्या-वाईटाचा निवाडा नावावरून नव्हे, तर पुढे येणाऱ्या काही गोष्टींवरून करायला हवा.

आमचे देऊळ सातारा जिल्ह्यातील डोंगराकडेच्या गावात आहे. गाभाऱ्यातील नंदादीप, दोन समया, सभामंडपातील लामणदिवे आणि बाहेरच्या मारुतीपुढचा दिवा एवढा रोजचा खर्च. त्याशिवाय शनिवारी भाविक मारुतीला तेल आणतात, ते वेगळे. तेल १५ किलोच्या पत्र्याच्या डब्यातून येते. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असल्याने अशा डब्यात १६ लिटरहून थोडे अधिक तेल मावते. डब्याला वरून दोन भोके पाडायची, एका माणसाने तो पोटाशी धरून तिरपा करायचा आणि दुसऱ्याने नरसाळे धरायचे, ही पूर्वीची रीत. डबा भरलेला असताना पहिली धार नेहमीच उसळून येते आणि नरसाळ्याबाहेर पडते. कोठीच्या खोलीतील काळ्या फरशीवर त्यामुळे कायमचा तेलकट थर बसला होता, त्यावर धूळ चिकटे आणि पावसाळ्यात तेथून चालताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. पुजारीकाकांचे वय पाहता हे थांबवणे आवश्यक होते, आणि टाकी घेण्याचे खरे कारण तेच होते.

टाकीची रचना साधी आहे. ती उभी आणि गोल आहे, तिचे झाकण चार पकडींनी आवळले जाते आणि झाकणावर हातपंप, दाब दाखवणारा काटा, जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तेलाची नळी अशा चार गोष्टी बसवलेल्या आहेत. नळीचा आतला भाग टाकीच्या बुडापर्यंत जातो, मात्र बुडाला टेकत नाही. पंप मारला की तेलाच्या वरच्या मोकळ्या जागेत हवा कोंडते, ती तेलाला खाली रेटते आणि तेलाला नळीतून वर चढण्याखेरीज दुसरी वाट राहत नाही. ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना यात नवे काही वाटणार नाही. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास घडवलेल्या प्रायमस स्टोव्हपासून लग्नाच्या वरातीतील पेट्रोमॅक्स बत्तीपर्यंत हेच तत्त्व वापरले गेले. फरक इतकाच की तेथे रॉकेल बारीक छिद्रातून जोराने बाहेर काढायचे असते, आणि येथे घट्ट तेल शांतपणे, एका संथ धारेने भांड्यात उतरवायचे असते.

या फरकाचा परिणाम मोठा आहे. तेल उतरवायला लागणारा दाब आपल्या कल्पनेपेक्षा फारच कमी असतो. टाकीच्या बुडापासून तोटीपर्यंत तेल साधारण ६० सेंटिमीटर चढवायचे असेल, तर त्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला ०.०५५ किलो एवढाच दाब पुरतो. उरलेला दाब खर्च होतो तो नळीतून घट्ट तेल सरकवण्यात. आमच्याकडे ०.३ किलो दाबावर आणि ८ मिलिमीटर पोकळीच्या दीड मीटर नळीतून तिळाचे तेल मिनिटाला सुमारे दीड लिटर येते, आणि झाऱ्या, बुधल्या, तांबे भरण्यासाठी हा वेग अगदी योग्य आहे. मात्र टाकीसोबत आलेल्या काट्यावर ० ते ७ किलोपर्यंतचे आकडे होते. ज्या कामाला ०.३ किलो पुरतो, त्या कामासाठी असा काटा निरुपयोगी असतो, कारण काटा शून्याच्या रेघेवरून जेमतेम हलतो आणि पंप मारणाऱ्याला वाटते की अजून हवा भरलीच नाही. विक्रेत्याला हे कळवल्यावर त्याने काटा बदलून देण्यास नकार दिला. शेवटी तालुक्याच्या गावातून ० ते १ किलोचा काटा आणून बसवला, आणि त्यानंतरच ही टाकी खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी झाली. कोणतीही टाकी घेताना सर्वांत आधी काट्यावरचे आकडे पाहावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

धार कमी वाटली की दाब वाढवण्याचा मोह होतो, पण त्यावरचा खरा उपाय नळी बदलणे हा आहे. घट्ट द्रवाचा प्रवाह नळीच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ६ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरची नळी लावली, तर त्याच दाबावर तिपटीहून अधिक तेल येते. टाकीसोबतची नळी ६ मिलिमीटरची होती. ती काढून रुंद नळी लावल्यावर दाब न वाढवता काम भागले आणि पंप मारण्याचे कष्टही वाचले.

सुरुवातीला काही दिवस सर्वांनाच एक गोष्ट चमत्कारिक वाटत असे, म्हणून तिचा खुलासा करतो. टाकी काठोकाठ भरलेली असली की चार-पाच वेळा पंप मारताच काटा वर चढतो, पण अर्धा लिटर तेल काढले की धार मरते. उलट टाकी निम्मी झाली की पंप पुष्कळ वेळ मारावा लागतो, पण मग एकदा भरलेल्या हवेवर दोन-तीन झाऱ्या सहज भरतात. यात टाकीचा दोष नाही. तेलावर फक्त २ लिटर मोकळी जागा असेल आणि त्यातील हवा ०.३ किलो दाबावर असेल, तर अर्धा लिटर तेल जाताच त्याच हवेला अडीच लिटर जागा मिळते आणि दाब जवळजवळ ०.०४ किलोवर येतो. तेवढ्या दाबावर धार अगदी मंदावते. मोकळी जागा १० लिटर असेल, तर तेच अर्धा लिटर काढल्यावर दाब फार तर ०.२४ किलोपर्यंत उतरतो. यावरून आम्ही टाकी कधीही १४ लिटरच्या पुढे न भरण्याचे ठरवले. त्यामुळे पंप मारणे आणि तेल येणे यांचा चांगला मेळ बसतो, शिवाय झाकण उघडताना तेल काठावरून सांडत नाही. परंतु जितकी मोकळी जागा अधिक, तितकी कोंडलेली हवाही अधिक असते, आणि झाकण किंवा नळी सुटली तर तिचा तडाखाही तितकाच मोठा असतो. म्हणून टाकी रिकामी होत आली की बेफिकीर होऊ नये, उलट अधिक जपावे.

तेलांचा स्वभाव या टाकीमुळे फार जवळून कळला. तिळाचे तेल बारा महिने चालते. पौषात पहाटे कोठीच्या खोलीतील पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, तेव्हा ते उन्हाळ्याच्या दुपटीहून घट्ट होते आणि झारी भरायला वेळ लागतो, एवढेच. करंजेल त्याहून थोडे जड असले तरी अडत नाही. खोबरेल मात्र साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, त्यामुळे थंडीत ते टाकीत घालण्यात अर्थ नाही. नळीत त्याचा पांढरा खडा बसला की वरून कितीही पंप मारला तरी तेल येत नाही, आणि मग दाब वाढवत नेणे धोक्याचे ठरते. कोकणात आणि गोव्यात हवा उबदार असल्याने तेथे खोबरेल वर्षातले बरेच दिवस चालू शकेल, घाटमाथ्यावर मात्र नाही. एरंडेल तिळाच्या तेलापेक्षा दहा-पंधरा पट घट्ट असते. ते या टाकीतून काढण्याचा विचारच करू नये, त्याला पळी हेच योग्य साधन आहे.

धार थांबवताना काय होते, हेही बारकाईने पाहण्यासारखे आहे. तोटीची कळ सोडली की प्रवाह तत्काळ थांबतो, पण तोटीच्या टोकाशी एक जाड थेंब लोंबतो. तो सुटत नाही, हळूहळू लांबतो, त्याची केसासारखी बारीक तार होते, आणि वाऱ्याची झुळूक आली की ती तार झारीच्या बाहेर, फडताळावर किंवा धोतरावर जाऊन पडते. टाकीसोबत आलेली तोटी सरळ कापलेल्या तोंडाची होती आणि तिला हा दोष फार होता. तिरकस कापलेल्या, किंचित वर वळलेल्या तोंडाची स्टीलची तोटी बसवल्यावर थेंब आतल्या बाजूला ओढला जातो. तरीही आम्ही तोटी टांगण्याची जागा एका पितळी वाटीच्या वर केली आहे, आणि दिवसभरात त्या वाटीत जमणारे चमचाभर तेल संध्याकाळी मारुतीच्या दिव्यात जाते. दुसरी गोष्ट अशी की, कळ सोडली तरी टाकीत दाब शिल्लक असतो. काम संपल्यावर सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा पूर्ण सोडायची आणि काटा शून्यावर आला की नाही ते पाहायचे, हा नियम भिंतीवर ठळक लिहून लावला आहे. रात्रभर दाब तसाच ठेवला तर एखादा सांधा झिरपतो आणि सकाळी टाकीभोवती तेलाचे थारोळे दिसते.

हवेच्या दाबाबद्दल एक आक्षेप रास्त आहे, तो म्हणजे प्रत्येक वेळी ताजी हवा तेलावर येते. हवेतील प्राणवायूने तेल खवट होते, आणि पावसाळ्यातील दमट हवेबरोबर ओलावाही आत जातो. तिळाच्या तेलात खवटपणाला रोखणारे घटक मुळातच असल्याने ते पुष्कळ टिकते, तरी भर घालत राहण्याऐवजी टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, मगच नवे तेल घालणे बरे. जुने तेल बुडाशी राहिले तर ते नव्या तेलालाही लवकर बिघडवते. आतल्या भागात तांबे किंवा पितळ नसावे, कारण तांब्याच्या स्पर्शाने तेल लवकर खवट होते. समई पितळेची असते, पण तिच्यातले तेल दिवसभरात जळून जाते. साठ्यातले तेल महिनाभर धातूला लागून असते, म्हणून तेथे स्टीलच हवे. पावसाळ्यात बुडाशी पाण्याचे थेंब आणि गाळ जमतो, तो नळीत येऊ नये म्हणूनच नळी बुडापासून दोन बोटे वर ठेवलेली असते. भाविकांनी आणलेले तेल आम्ही दुहेरी मलमलीतून गाळून घेतो. मारुतीच्या अंगावरून ओघळलेले, शेंदूर लागलेले तेल कधीच टाकीत घालत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा मजकूर लिहायला घेतला, ती सांगतो. बाजारात आणखी एक स्वस्त वस्तू मिळते. पत्र्याच्या डब्याला किंवा प्लास्टिकच्या कॅनला बसणारे एक बूच, त्याला लहान हवापंप आणि नळी, आणि सोबत "कोणत्याही डब्याला लावा" अशी जाहिरात. ती कोणीही घेऊ नये. १५ किलोच्या डब्याची एक बाजू साधारण साडेतेवीस सेंटिमीटर रुंद आणि साडेचौतीस सेंटिमीटर उंच असते, म्हणजे तिचे क्षेत्रफळ ८०० चौरस सेंटिमीटरहून अधिक भरते. तिच्यावर नुसता ०.१ किलो दाब दिला, तरी त्या एका सपाट पत्र्यावर ८० किलोंहून अधिक भार येतो. पूर्ण वाढीचा माणूस त्या पत्र्यावर उभा करण्यासारखेच ते आहे. डबा फुगतो, त्याच्या कोपऱ्यातील जोड उसवतात, आणि प्लास्टिकचा कॅन असेल तर त्याचे बूच उडते. गोल भांड्यात हाच भार भिंतीभर सारखा वाटला जातो, म्हणून दाबाची टाकी गोलच असली पाहिजे आणि तिचे बूडही घुमटाकार असले पाहिजे.

गोल टाकीलाही झाकण असते हे विसरून चालत नाही. २५ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर ०.३ किलो दाबाने सुमारे १४७ किलोंचा भार आतून वर येत असतो. अशा वेळी पकडी सोडणे म्हणजे झाकण स्वतःच्या तोंडावर घेणे होय. म्हणूनच काटा शून्यावर आल्याशिवाय पकडीला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे प्रत्येकाला पाठ आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह ०.५ किलोवर उघडेल असा बसवून घेतला आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी टाकीत तेलाऐवजी पाणी भरून, पंप मारून, तो खरोखर उघडतो की नाही हे पाहतो आणि नंतर टाकी पूर्ण कोरडी करतो. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे टाकी जवळजवळ काठोकाठ भरलेली असताना चाचणी घेतली तर काही सुटले तरी तडाखा बसत नाही.

रॉकेलसाठी ही टाकी वापरता येईल का, अशी विचारणा शेजारच्या गावातून झाली होती. माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. तिळाच्या तेलाची वाफ पेट घेण्यासाठी ते २०० अंशांच्या बरेच वर तापावे लागते. रॉकेलसाठी मात्र भारतीय मानकात हे तापमान किमान ३५ अंश असावे एवढीच अट आहे, आणि आपल्याकडे वैशाखात सावलीतही पारा त्याच्या पुढे जातो. म्हणजे उन्हाळ्यात रॉकेलच्या टाकीत आपण पंपाने जी हवा भरतो, ती वाफेबरोबर मिसळून पेट घेण्याजोगे मिश्रण तयार होऊ शकते, आणि तेही दाबाखाली. पंपाच्या स्टोव्हची टाकी लहान आणि जाड पितळेची असे, तरीही स्टोव्हचे भडके उडून किती घरे उद्ध्वस्त झाली हे आपल्या आधीच्या पिढीला चांगले आठवते. २० लिटरच्या बाबतीत तसा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. रॉकेलसाठी ओढून घेणारा साधा रबरी फुग्याचा पंप पुरेसा आहे. रॉकेल पातळ असल्याने ते त्यातून झरझर येते.

वनस्पतिज तेल सुरक्षित असले तरी पेटत्या दिव्याजवळ ही टाकी नेऊ नये. साचलेले तेल सहजासहजी पेट घेत नाही, पण नळीला बारीक चीर पडून तेलाचा तुषार उडाला, तर तो ज्योतीवर भडकतो. टाकी कोठीच्या खोलीतच राहते, तेथून झाऱ्या आणि बुधल्या भरतात आणि दिव्यात तेल पळीनेच पडते. त्रिपुरारी पौर्णिमेला आमच्या दीपमाळेवर आणि आवारात मिळून २०० पणत्या लागतात. पणतीला २५ मिलिलिटर धरले, तरी ५ लिटर तेल तासाभरात वाटायचे असते. पूर्वी डबा दीपमाळेच्या पायथ्याशी आणून तिरपा केला जाई आणि पायऱ्यांवर तेल सांडे. या वेळी तरुण मुलांनी कोठीतून भरलेल्या झाऱ्या हातोहात पुढे दिल्या, दीपमाळेच्या दगडी हातांवर चढलेल्या मुलांना झारी दोराने वर पोचवली आणि पायथ्याची फरशी कोरडी राहिली. आमच्यासारखी दीपमाळ किंवा मोठा दीपस्तंभ ज्यांच्याकडे आहे, त्यांना ही टाकी खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.

घरगुती वापरासाठी मात्र मी ती सुचवणार नाही. देवघरातील निरांजनाला आणि एका समईला लिटरभर तेल कित्येक दिवस पुरते, तेथे झाकणाची बुधली आणि पळीच उत्तम. लहान देवळांत जागा असेल तर उंच कट्ट्यावर तोटीची टाकी ठेवणे सर्वांत स्वस्त आणि बिनधोक. फक्त तेल वर चढवून ओतावे लागते, आणि आमची अडचण नेमकी तीच होती. २०० लिटरच्या पिंपातून तेल काढायचे असेल, तर हाताने फिरवायचा पिंपावरचा पंप घ्यावा. त्यात पिंपाला दाब सोसावा लागत नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात फोर्ट वेन येथे सिल्व्हेनस बाउझर यांनी १८८५ साली एका किराणा दुकानदाराला दिव्याचे तेल मोजून काढण्यासाठी हाताने चालणारा दट्ट्याचा पंप करून दिला होता, आणि आजच्या पेट्रोल पंपांची वंशावळ तेथपर्यंत जाते. मोठ्या पिंपासाठी ती वाट अजूनही हवेच्या दाबापेक्षा चांगली आहे.

देखभालीपैकी सर्वांत अधिक लक्ष द्यावे लागते ते झाकणाच्या रबरी कड्याकडे. मूळ कडे साध्या रबराचे होते. तेलात ते फुगले, चिकट झाले आणि माघापर्यंत झाकणाच्या खोबणीत बसेनासे झाले. त्याजागी नायट्राइल रबराचे कडे बसवले आहे, ते अजून जसेच्या तसे आहे. विक्रेत्याकडून सुटे भाग मागवण्यापेक्षा जुने कडे हातात घेऊन तालुक्याच्या गावातील हायड्रॉलिक होजच्या दुकानात जावे. ट्रॅक्टर आणि जेसीबीच्या कामासाठी तेथे हव्या त्या मापाचे नायट्राइलचे कडे असते. नळीच्या आत तेलाचा पिवळसर चिकटा धरतो, तो गरम पाणी आणि शिकेकाईने निघतो, पण त्यानंतर नळी दोन दिवस उन्हात टांगून पूर्ण वाळवावी लागते. सध्या पाऊस लागल्यामुळे नळी उन्हात वाळवणे शक्य नाही, म्हणून दुसरी नळी आणून ठेवली आहे आणि दोन्ही आलटूनपालटून वापरतो.